पोटातलं बाळ कसं घडतं? पाळी चुकण्याआधीपासून कळा येईपर्यंतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्या ओपीडीत गेली वीसेक वर्षं येतायत. काही टेबलासमोर बसून विचारले जातात, काही सासूबाई बाहेर गेल्यावर, आणि काही निघता निघता, दार अर्धं उघडून. उत्तरं जमतील तितकी सरळ दिली आहेत. तुमची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

लग्नाला पाच आठवडे झालेत आणि सोनोग्राफीत सात आठवडे लिहिलंय. हे कसं?

यात कुणाचंच काही चुकलेलं नाही, मोजायची पद्धतच तशी आहे. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो दिवस बाईच्या लक्षात असतो. अंडं नेमकं कधी फुटलं हे कुणी पाहिलेलं नसतं. पाळी २८ दिवसांची असेल तर ते साधारण १४व्या दिवशी फुटतं. म्हणजे हिशेबातले पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतंच. रिपोर्टात सात आठवडे लिहिले असतील तर बाळाचं खरं वय पाच आठवडे.

एका घरात या दोन आठवड्यांवरून सुनेला माहेरी पाठवायची भाषा सुरू झाली होती. सासूबाई फाइल पदराखाली धरून एकट्याच आल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, पाळीच्या तारखेला गोल केला, लग्नाच्या तारखेला दुसरा. दोन्हींत १२ दिवसांचं अंतर होतं. त्या बराच वेळ त्या दोन गोलांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग हे फाइलवर लिहीत का नाही?" त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी लिहिते.

पाळीपासून मोजलं तर पूर्ण दिवस २८०, म्हणजे ४० आठवडे. आजी 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, डॉक्टर पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवतात. दोन दिवसांवरून भांडण्यात अर्थ नाही. पाळी अनियमित असेल तर मात्र हा हिशेब पार चुकतो. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून ठरवलेली तारीख खरी धरायची.

पुढे मी 'आठवडे' म्हणेन ते पाळीपासूनचे. 'फलनानंतर' म्हटलं तर खरं वय, म्हणजे बीज आणि शुक्राणूची गाठ पडल्यापासूनचं.

पाळी चुकायच्या आधी आत काही चालू असतं का?

पुष्कळ. बाईचं बीज सुमारे ०.१ मिलिमीटरचं असतं, बारीक पेनने कागदावर टेकवलेल्या ठिपक्याएवढं. त्याची आणि शुक्राणूची गाठ गर्भपिशवीत नाही, तिच्या बाजूच्या नळीत पडते. एकाच्या दोन पेशी व्हायला जवळपास दिवस लागतो. मग चार, आठ, सोळा. पाचव्या दिवशी त्याचा पोकळ गोळा झालेला असतो. त्याच्या आतल्या कडेला चिकटलेल्या थोड्याशा पेशींचं बाळ होतं आणि बाहेरच्या भिंतीपासून वार तयार होते. वार आईची, असं बहुतेकांना वाटतं. ती मुख्यतः बाळाचीच असते, त्याच बीजातून निघालेली.

सहाव्या दिवसापासून हा गोळा पिशवीच्या अस्तरात रुजायला लागतो. रुजल्यावर तो एक संप्रेरक सोडतो, तेच लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटवतं. म्हणून रुजण्याआधी केलेली तपासणी निगेटिव्हच येणार. कितीतरी बीजं इथवर पोचतही नाहीत. गुणसूत्रांची वाटणी चुकलेली असते, रुजता येत नाही, आणि पाळी चार दिवस उशिरा आली एवढंच बाईला कळतं. पहिल्या तीन महिन्यांत खाली झालेल्या गर्भांतही निम्म्याच्या आसपास वेळा हेच कारण सापडतं. जिना चढल्यामुळे, स्कूटरवर बसल्यामुळे किंवा कुणाची नजर लागल्यामुळे ते झालेलं नसतं.

सगळ्यात नाजूक काळ कोणता? सातवा महिना ना?

नाही. पाचवा ते दहावा आठवडा.

घरात लगबग सुरू होते ती सातव्या महिन्यात. ओटीभरण, हिरवी साडी, फुलांचे दागिने, 'आता जपून हं'. तोवर घर बांधून झालेलं असतं, रंगकाम आणि सामान भरणं तेवढं उरलेलं असतं. पाया खणला गेला तेव्हा ती बाई उन्हातान्हात कामावर जात होती, ॲसिडिटी समजून गोळ्या घेत होती. दिवस गेलेत हे तिलाही माहीत नव्हतं.

फलनानंतर तिसऱ्या आठवड्यात बाळ म्हणजे तीन थरांची एक चकती असते. वरच्या थरातून त्वचा आणि मेंदू, मधल्यातून हाडं, स्नायू, रक्त, आणि खालच्यातून आतडी आणि फुप्फुसांचं अस्तर. वरच्या थराच्या मधोमध एक घडी पडते, तिच्या कडा उचलल्या जातात आणि करंजी मिटावी तशा मधून दोन्ही टोकांकडे मिटत जातात. ही झाली मेंदू आणि मज्जारज्जूची नळी. फलनानंतर २८व्या दिवसापर्यंत ती पूर्ण मिटते. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू घडत नाही, खालचं राहिलं तर पाठीच्या मणक्यात फट राहते. २८वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे.

त्याच आठवड्यात, २२व्या दिवसाच्या आसपास, हृदय हलायला लागतं. तेव्हा ते हृदयासारखं दिसतही नाही, वाकडी नळीच असते. हातापायांचे कोंब फुटतात. बोटं आधी वल्ह्यासारखी जोडलेली असतात, मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटं सुटी होतात. दहाव्या आठवड्याअखेर बाळ जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं आणि सगळे मुख्य अवयव जागेवर आलेले असतात.

या दिवसांची किंमत जगाला कळली ती थॅलिडोमाइडमुळे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ही झोपेची गोळी बाजारात आली, निर्धोक म्हणून गरोदर बायकांना मळमळीवरही दिली गेली. नोव्हेंबर १९६१ मध्ये ती मागे घेईपर्यंत वेगवेगळ्या देशांत मिळून १० हजारांवर मुलं हात-पाय खुरटलेली जन्मली. फलनानंतरच्या साधारण २०व्या ते ३६व्या दिवसांत घेतलेली गोळी घातक ठरत होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या औषध खात्यातल्या डॉक्टर बाईंनी कंपनीचे तगादे सोसून परवानगी अडवून धरली, म्हणून तिथली मुलं बहुतांशी वाचली.

मग फॉलिक ॲसिड कधी सुरू करायचं?

मूल हवं असं ठरेल त्या दिवशी. दिवस जायच्या निदान एक महिना आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. १९९१ साली ब्रिटनमधून एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. आधीच्या बाळाला मज्जानळीचा दोष असलेल्या बायकांनी गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुढच्या बाळात तो दोष सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. अशा बायकांना जास्त डोस लागतो, तो डॉक्टर ठरवतील. मज्जानळी मिटून गेल्यावर सुरू केलेली गोळी रक्तासाठी उपयोगी पडते, त्या फटीसाठी नाही.

आई बारीक, म्हणून बाळही बारीक. त्यात बिघडलं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याच्या उत्तराचा मोठा भाग पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडलेला आहे.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेड्यांतल्या बायकांची दिवस जाण्याआधीपासून मोजमापं घ्यायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या बायका, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तर आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचं, असं हे बाळ. इथल्या माणसाला पोट फारसं सुटलेलं नसतानाही चाळिशीत शुगर का होते, याचा एक धागा त्या पाळण्यापर्यंत जातो.

असं का होतं? पोटात तंगी असली की बाळ मेंदूला आधी वाढतं आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्यात काटकसर करतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्मानंतर नव्याने तयार होत नाहीत, जेवढ्या पोटात झाल्या तेवढ्याच जन्मभर पुरवायच्या. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने अन्न तोडलं, तेव्हा पोटात असलेल्या मुलांवर साठ-सत्तर वर्षं लक्ष ठेवलं गेलं. उपासमार सुरुवातीच्या महिन्यांत झालेल्यांना पुढे हृदयविकार जास्त झाला, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या अनेकांचं जन्मावेळचं वजन ठीकच होतं. तेव्हा काट्यावरच्या आकड्याने हुरळूनही जाऊ नये.

पुण्याच्या अभ्यासात दोन गोष्टी अशा निघाल्या की त्या मी प्रत्येकीला सांगते. एक, पालेभाज्या, फळं आणि दूध नेहमी खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी होती. मेथी, चाकवत, शेपू, शेवग्याचा पाला यांतलं काहीतरी खेड्यात बांधावर असतंच, फक्त ते ताटात घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटी येतं. दोन, जवळपास दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. ज्या आयांचं फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. म्हणून शाकाहारी बाईला नुसती फॉलिकची गोळी देऊन मोकळं होऊ नये, बी-१२ तपासावं.

नंतर मुंबईच्या वस्त्यांमध्ये असाच एक प्रयोग झाला. बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. एकंदरीत बाळांच्या वजनात फार फरक पडला नाही. निदान तीन महिने आधीपासून खाल्लेल्यांत मात्र तो दिसला, आणि गरोदरपणातली शुगरही कमी बायकांना झाली. पुन्हा तेच, आधीपासून.

दोन जिवांची आहे, मग दोघांचं खायचं का?

नको. दुसऱ्या तिमाहीपासून दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध एवढ्यात भागतं. उलट्या टोकाचंही ऐकते, 'कमी खा, बाळ मोठं झालं तर अडेल'. हे करू नका. बाळाचं डोकं त्याने लहान होत नाही, तुमचं रक्त कमी होतं.

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते म्हणतात.

लाळ सगळ्याच बाळांची गळते. तीन महिन्यांनंतर लाळग्रंथी जोरात असतात आणि गिळणं अजून जमत नसतं.

शब्द मात्र सुंदर आहे. दौहृद, म्हणजे दोन हृदयं असलेली, यावरून डोहाळे आला. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि त्याच्या इच्छा आईच्या तोंडून बाहेर पडतात, असं सुश्रुतसंहितेत म्हटलंय. हृदय त्याच्या बरंच आधी चालू होतं हे आज माहीत आहे, पण 'तिला हवं ते द्या' ही आज्ञा शास्त्राच्या नावाने निघाली, हे काही वाईट झालं नाही.

एक डोहाळा मात्र पुरवू नका: माती, खडू, राख, कच्चे तांदूळ. ती इच्छा बहुधा रक्त कमी असल्याची खूण असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांत रक्तक्षय सापडला. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. आमच्या आशाताईंना एका घरी त्या पिठाच्या डब्याच्या तळाशी सापडल्या होत्या, चार महिन्यांच्या, पाकिटं न फोडलेली. विचारलं तर म्हणाली, "संडास काळी होते, मळमळतं, आणि बाळ काळं होईल म्हणतात." संडास काळी होते, खरंय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. बाळाचा रंग आईबापांच्या जनुकांतून येतो, गोळीतून नाही. केशराच्या दुधातूनही नाही.

मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. 'काही व्यसन?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं, म्हणून मी 'दात कशाने घासता?' असं विचारते. मग हिरडीवर बोट फिरवून दाखवतात, दिवसातून तीनदा, चारदा. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात. मुंबईत १,२१७ बायकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली होती. वेळेआधी जन्माला येणंही त्यांच्यात जास्त होतं. सोडताना चिडचिड होते, पोट साफ होत नाही, हे मान्य. पण नऊ महिने संपायची वाट बघू नका. नवरा घरात बिडी ओढत असेल, किंवा चुलीचा धूर कोंडत असेल, तर तोही याच हिशेबात धरा.

दारूचं प्रमाण विचारणाऱ्यांना एकच उत्तर, अजिबात नाही. सुरक्षित ठरलेली मात्राच नाही. चेहऱ्याची ठेवण आणि बुद्धी दोन्हींवर खूण उमटते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७३ साली या दोषांना नाव दिलं.

ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो का?

वरचा ओठ दोन्ही बाजूंनी आणि मधून येणारे भाग जुळून तयार होतो. ही जुळणी फलनानंतर सातव्या आठवड्यापर्यंत संपते, टाळू त्यानंतर काही आठवड्यांत. पाचव्या-सातव्या महिन्यात लागलेल्या ग्रहणाला जुळून गेलेला ओठ पुन्हा उसवता येत नाही. आणि जुळण्याच्या काळात ग्रहण आलंच, तरी सावली कांद्यापर्यंत पोचते, पोटापर्यंत नाही. फाटलेल्या ओठामागे आनुवंशिकता असते, काही फिट्सची औषधं, तंबाखू आणि कधी कधी काहीच सापडत नाही.

माझी तक्रार सुरीबद्दल नाही. अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास उपाशी, पाणी न पिता, लघवीला न जाता बसवतात, त्याबद्दल आहे. चक्कर आणि लघवीचा जंतुसंसर्ग या गोष्टी खऱ्या आहेत. पाळायचंच असेल तर पाणी पिऊन, पाय पसरून, खिडकी उघडी ठेवून पाळा.

पपई?

पिकलेली खा. कच्चीतल्या चिकाने उंदरांच्या गर्भपिशवीत आकुंचन होतं असं प्रयोगात दिसलंय, म्हणून कच्ची नको.

दिवस गेल्याचं माहीत नव्हतं. एक्स-रे काढला, तापाच्या गोळ्या घेतल्या. आता?

बहुतेकदा काही झालेलं नसतं. छातीच्या एक्स-रेचा जो अंश पिशवीपर्यंत जातो तो नगण्य असतो. फलनानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तर हिशेब 'सगळं किंवा काहीच नाही' असा असतो. इजा मोठी असेल तर गर्भ टिकत नाही, टिकला तर पेशी भरून काढतात. औषधांची नावं डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन आणि फिट्सवरचं व्हॅलप्रोएट ही खरोखर काळजीची. पण फिटची गोळी मनाने बंदही करू नका, मोठी फिट दोघांच्या जिवावर बेतू शकते. अंगदुखीच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळायच्या, त्यांनी बाळाची लघवी आणि पर्यायाने भोवतीचं पाणी कमी होतं.

लस मात्र आधी बघा. १९४१ साली ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकाएकी मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या आयांना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला होता. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून आली. लग्न होऊन आलेल्या बऱ्याच मुलींनी ती घेतलेली नसते. ती दिवस जाण्याआधी किमान एक महिना घ्यायची, गरोदरपणात नाही.

मुलगा की मुलगी, हे कशावर ठरतं?

शुक्राणूवर, म्हणजे बापावर. बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्राणू एक्स घेऊन आला तर मुलगी, वाय घेऊन आला तर मुलगा. आणि तरी पाणउतारा सुनेचा होतो.

फलनानंतर सहा-सात आठवड्यांपर्यंत दोघांचीही आतली रचना सारखीच असते, नंतर वाय गुणसूत्रावरचं एक जनुक पुरुषग्रंथी घडवायला सुरुवात करतं. ते १९९० साली सापडलं. पुरुषांना स्तनाग्रं का असतात याचं उत्तरही इथेच आहे, ती या फाट्याच्या आधीच आखली गेलेली असतात. सोनोग्राफीत लिंग विचारू नका. त्यावर बंदी घालणारं पहिलं राज्य महाराष्ट्रच, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला.

मामाच्या मुलाशी लग्न झालंय. बाळात दोष येईलच का?

येईलच असं नाही. कुठल्याही शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः मोठा दोष असतो. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट होतं, म्हणजे तरीही शंभरातली नव्वदहून जास्त बाळं ठीक. घराण्यात बहिरेपण, मतिमंदत्व, लहानपणी गेलेली मुलं असतील तर आधी जनुकीय सल्ला घ्या. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल आणि सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांची तपासणी लग्नाआधीच झालेली बरी.

बाळाला पोटात ऐकू येतं का? गर्भसंस्काराचा क्लास लावू का?

ऐकू येतं, पण २४-२५ आठवड्यांनंतर. तिसऱ्या महिन्यात पोटावर हेडफोन लावलेत तर ऐकायला आत कान तयार नसतो.

आतलं जग शांतही नसतं. आईच्या रक्ताचा सूंसूं आवाज, आतड्यांची गुडगुड, आणि या सगळ्यावर तिचा आवाज, जो हवेतूनही येतो आणि हाडांतूनही. १९८०च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दोन-तीन दिवसांची बाळं चोखणी विशिष्ट लयीत चोखून परक्या बाईपेक्षा आईचा आवाज ऐकायला मिळवत होती. २००९ मध्ये फ्रेंच आणि जर्मन तान्ह्या बाळांच्या रडण्याची तुलना झाली. फ्रेंच बाळांचा सूर चढत जात होता, जर्मन बाळांचा उतरत, त्यांच्या भाषांसारखाच. भाषेचा हेल पोटातच कानावर पडतो.

म्हणजे अभिमन्यूची गोष्ट अर्धी खरी. सूर पोचतो, चक्रव्यूहाचा नकाशा नाही. शब्दांचे अर्थ, गणित, संस्कृत व्याकरण यांतलं काही आत शिकता येतं असा पुरावा नाही. 'गोरं, उंच, हुशार बाळ' अशी पाटी लावणाऱ्या क्लासला पैसे देण्याआधी त्यांतून महिनाभराची अंडी आणि फळं किती येतील याचा हिशेब करा. आईला भजन ऐकून, गुणगुणून बरं वाटत असेल तर जरूर करा. मोबाइल पोटाला टेकवायची गरज नाही, तिचा आवाज आधीच आत आहे.

चवही पोचते. गरोदरपणात आईने जे खाल्लं त्याचा वास भोवतीच्या पाण्यात उतरतो, आणि बाळ ते पाणी रोज गिळतं. लसणीची फोडणी त्याला जन्माआधीच ओळखीची असते.

घरात सारखी भांडणं होतात. त्याचा परिणाम होतो का?

एखाद्या दिवसाच्या रडण्याने काही होत नाही, त्याचा अपराध मनाला लावून घेऊ नका. पण महिनोन्महिने चाललेला ताण आणि मारहाण यांचा संबंध वेळेआधी बाळंतपण आणि कमी वजनाशी आहे. 'तू खूश राहा' हे तिला सांगण्याऐवजी घरच्यांनी गप्प बसावं, असं मी जोडप्याला एकत्र बसवून सांगते.

शुगर निघाली. बाळ मोठं आहे, मग चांगलंच ना?

आईची साखर वार ओलांडते, इन्शुलिन ओलांडत नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्शुलिन जास्त बनवतं आणि ती साखर चरबी होऊन खांद्यांवर, पोटावर बसते. जन्मल्यावर नाळ कापली की साखर एकदम थांबते, इन्शुलिन मात्र चालूच असतं, आणि बाळाची साखर घसरते. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, १४० किंवा वर आली तर उपचार. चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. दिवस जाण्याआधीपासूनच मधुमेह असेल तर धोका वेगळा, त्यात सुरुवातीच्या आठवड्यांत हृदय आणि मणक्याचे दोष होऊ शकतात.

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, खरं का?

साफ खोटं, आणि धोकादायक. प्रत्येक आठवड्यागणिक शक्यता वाढतच जाते. बाळ २८ आठवड्यांत किलोभराचं असतं, ३४ला दोन किलोच्या पुढे. अडचण असते फुप्फुसांची. हवेच्या बारीक पिशव्या प्रत्येक श्वासानंतर चिकटू नयेत म्हणून आतून साबणासारखा एक थर लागतो, तो पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. लवकर कळा आल्या तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांनी हा थर लवकर तयार होतो. ही कल्पना न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून निघाली आणि १९७२ साली बायकांवरच्या चाचणीत खरी ठरली. आठव्यात कळा आल्या म्हणून 'आता काय उपयोग' असं म्हणत घरी थांबलेलं कुटुंब मी पाहिलंय. लगेच निघा.

सोनोग्राफीत नाळ मानेभोवती दिसतेय. शिवणकाम केलं म्हणून का?

चारांतल्या जवळपास एका बाळंतपणात नाळ मानेभोवती असते. अर्धा-पाऊण मीटरची दोरी आणि पोहणारं बाळ, गुंडाळणारच. बाळ नाळेतून श्वास घेतं, गळ्यातून नाही, त्यामुळे गळा आवळला जाण्याचा प्रश्न नसतो. शिलाई मशीन चालवा. नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली तर मात्र त्याच दिवशी या, सकाळची वाट बघू नका.

दिलेली तारीख गेली, कळा नाहीत. काय करू?

नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात पाचच्या आसपास. आधीच्या सोनोग्राफीची फाइल घेऊन या, तारीख पुन्हा मोजू. ४१ आठवडे झाले असतील तर दाखल व्हायचं बोलू, कारण पुढे वार थकते आणि पाणी कमी होतं. तोवर घरच्यांनी रोज सकाळी 'झालं का?' असा फोन केला नाही तर बरं. येताना कॅलेंडर आणू नका, माझ्याकडे आहे.